बीपी उतरलं, क्रिएटिनीन मात्र चढलं: याचा अर्थ कसा लावायचा?

नवशिका

चर्चेसाठी एक नमुना केस मांडतोय. आकडे शिकवण्याच्या सोयीने बांधलेले आहेत.

वय ३८, आधी कधी बीपी मोजलेलं नाही. दोन आठवडे डोकेदुखी, मग अंधुक दिसायला लागलं. दाखल होताना बीपी २२०/१३०, दोन्ही हातांत जवळपास सारखं. डोळ्याच्या पडद्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्तस्राव, कापसासारखे पांढरे डाग आणि दोन्ही ऑप्टिक डिस्कना (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) सूज. क्रिएटिनीन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) २.८, पोटॅशियम ३.१, हिमोग्लोबिन ९.८, प्लेटलेट ९५ हजार. लघवीत प्रोटीन दोन प्लस आणि थोड्या लाल पेशी. सोनोग्राफीत किडन्या १०.२ आणि १०.४ सेंमी. पायावर सूज नाही, छाती मोकळी.

तिसऱ्या दिवशी बीपी १५०/९० आणि क्रिएटिनीन ३.६. लघवी तासाला ५० मिलीच्या आसपास, माणूस शुद्धीत, चक्कर नाही.

१) बीपी उतरवल्यामुळेच किडनी बिघडली का?
२) किडनी बिघडली की पोटॅशियम वाढतं असं शिकलोय. इथे ३.१ कसं?
३) रॅमिप्रिल (अँजिओटेन्सिन रोखणारी बीपीची गोळी) आत्ता सुरू करावं की थांबावं? ते लावल्यावर क्रिएटिनीन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, हा तीस टक्क्यांचा नियम इथे लागू होतो का?
४) बीपीने किडनी खराब झाली की आधीच्या किडनीच्या आजाराने बीपी वाढलं, हे ठरवायचं कसं?

गाळणी

पहिल्या प्रश्नासाठी आधी सरासरी दाब काढा. खालचं बीपी अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा. २२०/१३० मध्ये फरक ९०, त्याचा तिसरा हिस्सा ३०, म्हणजे सरासरी १६०. दीडशे नव्वदला ती ११० येते. तीन दिवसांत साधारण ३१ टक्के उतार, हा वेग ठीक आहे. पहिल्या काही तासांत २०-२५ टक्क्यांच्या पुढे जायचं नसतं, म्हणजे या माणसाला पहिल्या दिवशी सरासरी १२० च्या खाली न्यायचं नव्हतं. १७०/९५ ला बरोबर १२० भरते. तिथे थांबून पुढचं एक-दोन दिवसांत हळूहळू करायचं. मेंदूत रक्तस्राव किंवा महाधमनीला चीर असेल तर हिशेब वेगळा, तो इथे नको.

मग क्रिएटिनीन का चढलं? निरोगी किडनी सरासरी दाब ८० असो की १६०, आतला रक्तप्रवाह जवळपास तेवढाच ठेवते. ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीत, रक्त आणणारी बारीक धमनी दाब वाढला की आवळते, उतरला की सैल होते. चांगल्या नळाची तोटी जशी हवी तेवढी फिरते, तसं. बीपी फार काळ किंवा फार जोरात वाढलेलं राहिलं की या धमनीची भिंत जाड होते, आतली पोकळी सुईच्या छिद्राएवढी उरते आणि तोटी गंजल्यासारखी एका जागी अडकते. आता दाब कमी झाला तरी ती सैल होऊ शकत नाही. प्रवाह थेट दाबावर अवलंबून राहतो. दाब उतरला, गाळणं मंदावलं, क्रिएटिनीन चढलं. म्हणजे वाढलेला आकडा बराचसा आधीच झालेल्या नुकसानीचा आहे. जास्तीच्या दाबाने जे झाकून ठेवलं होतं ते उघडं पडलं, इतकंच.

खरंच जास्त उतरवलं गेलं असेल तर ते लघवीत आणि माणसात दिसतं. ६० किलोच्या माणसाची लघवी सलग सहा तास तासाला ३० मिलीच्या खाली, गुंगी, उभं केल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं. यातलं तुमच्या केसमध्ये काही नाही. त्यामुळे औषधं तशीच ठेवा, दोन दिवस १४०-१५० च्या पट्ट्यात थांबा, क्रिएटिनीन रोज बघा. एक-दोन आठवडे ते चढून मग उतरायला लागणं हा या आजारात, म्हणजे झपाट्याने चढून अवयव बिघडवणाऱ्या (मॅलिग्नंट) बीपीत, नेहमीचा प्रवास आहे.

पोटॅशियमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण अख्खा आजार त्यात आहे. धमनी अरुंद झाली की तिच्या पुढच्या भागाला रक्त कमी पोचतं. किडनीला वाटतं अंगात बीपीच नाही, म्हणून ती रेनिन सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन वाढतं, त्याने धमन्या आणखी आवळतात, बीपी आणखी वर. शिवाय अल्डोस्टेरॉन वाढतं आणि ते लघवीतून पोटॅशियम बाहेर घालवतं. म्हणून क्रिएटिनीन २.८ असूनही पोटॅशियम ३.१. हे पाहून लगेच अॅड्रीनलच्या (अल्डोस्टेरॉन बनवणारी, किडनीवरची ग्रंथी) गाठीमागे धावू नका. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही वाढलेले असतील तर गाठीची शक्यता मागे पडते. रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन वाढलेलं असेल तर मात्र शोध घ्यायचा. ही तपासणी बीपी स्थिरावल्यावर आणि पोटॅशियम भरून काढल्यावर करा, नाहीतर आकडे फसवतात.

याच चक्राची दुसरी बाजू बऱ्याचदा विसरली जाते. इतक्या दाबाखाली किडनी मीठ आणि पाणी बाहेर फेकते. त्यामुळे बीपी २२० असलेला माणूस आतून कोरडा असू शकतो. दाखल झाल्या झाल्या सवयीने फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) टोचलं की तो आणखी कोरडा पडतो, रेनिन आणखी वाढतं, आणि मग एखाद्या छोट्या डोसनेही बीपी धाडकन कोसळतं. छातीत पाणी असेल तर फ्युरोसेमाइड हवंच. पण छाती मोकळी, पाय सुजलेले नाहीत, वजन घटलेलं, अशा वेळी ते बाजूला ठेवा. कधीकधी तर अशा रुग्णाला बीपी उतरवताना थोडं सलाईनही लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण गणित तेच आहे.

धोपटमार्ग

मग किडनीला दाब लागतोच आहे, तर बीपी काही आठवडे १७० च्या आसपास राहू दिलं तर? क्रिएटिनीन तरी वाढणार नाही.

गाळणी

धोपटमार्ग, नाही. पहिल्या दिवशी १७० ठीक, दुसऱ्या आठवड्यात नाही. आकडा चांगला दिसावा म्हणून धमन्या जळत ठेवल्यासारखं आहे ते. ज्या दाबाने भिंत फाटत होती तोच चालू राहिला तर उरलेल्या गाळण्याही जातात, आणि त्या गेल्या की परत येत नाहीत. सुजलेली, अर्धी बुजलेली धमनी दाब आटोक्यात राहिला तर काही आठवड्यांत बऱ्यापैकी मोकळी होऊ शकते. त्यासाठी मधले दोन आठवडे वाढलेलं क्रिएटिनीन सोसावं लागतं, काहींना मधे डायलिसिसही लागतं.

सूक्ष्मदर्शी

चौथ्या प्रश्नाबद्दल, पॅथॉलॉजीच्या बाजूने.

बीपीचं किडनीवरचं नुकसान दोन जातींचं. सौम्य बीपी वीस-वीस वर्षं राहिलं की बारीक धमन्यांच्या भिंतीत काचेसारखा गुळगुळीत गुलाबी थर साचतो, किडनी आक्रसते आणि पृष्ठभाग बारीक दाणेदार होतो. लघवीत प्रोटीन थोडंच. दुसरी जात ही, तुमच्या केसमधली. दाब इतका झपाट्याने चढतो की धमनीचं आतलं अस्तर फाटतं, रक्तातला फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) भिंतीत घुसतो आणि भिंत जागच्या जागी मरते. थोड्या मोठ्या धमन्यांत आतल्या पेशी एकावर एक थर रचतात, आडव्या कापलेल्या कांद्यासारखे, आणि मधे पोकळी जेमतेम उरते. अख्खी किडनी पाहिली तर पृष्ठभागावर पिसवा चावल्यासारखे लाल ठिपके दिसतात. बारीक रक्तवाहिन्या फुटल्याच्या त्या खुणा.

हे दोन प्रकार वेगळे आहेत हे फोलहार्ड आणि फार या जर्मन जोडीने १९१४ मध्ये मांडलं. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी डोळ्याच्या पडद्यावरून चार गट पाडले. त्यांच्या चौथ्या गटात, म्हणजे डिस्कला सूज असलेल्यांत, वर्षभर जगलेले रुग्ण साधारण पाचात एक होते. बीपीचं धड औषध तेव्हा नव्हतंच. सांगायचा मुद्दा, पडदा बघणं ही जुनाट औपचारिकता नाही. नुसतं बीपी १९० आहे आणि पडदा स्वच्छ आहे, तर गोळ्यांनी सावकाश उतरवा. पडद्यावर दोन्हीकडे रक्तस्राव आणि पांढरे डाग आहेत, तर किडनीच्या धमन्यांतही तेच चाललंय असं धरून दाखल करा.

आता कोण आधी, बीपी की किडनी? माझ्या मते उत्तर चार ठिकाणी शोधावं. किडनीचा आकार: दोन्ही नऊ सेंमीच्या खाली, कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) पातळ आणि सोनोग्राफीत पांढरट असेल तर दुखणं जुनं. तुमच्या केसमध्ये दोन्ही दहाच्या वर, म्हणजे सुधारायला वाव आहे. दोन किडन्यांत दीड सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर किडनीच्या मुख्य धमनीचा अरुंदपणा शोधा. लघवी: दोन प्लस प्रोटीन आणि थोड्या लाल पेशी नुसत्या बीपीनेही येतात, पण दिवसाला तीन-साडेतीन ग्रॅम प्रोटीन किंवा लाल पेशींचे भरपूर कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे) असतील तर ग्लोमेरुलसचा मूळ आजार आधी धरावा. तरुण वयात आयजीए नेफ्रोपथी हा ग्लोमेरुलसचा आजार असंच सोंग घेऊन येतो. तिसरं, जुने कागद. पाच वर्षांपूर्वीचा एखादा लघवीचा रिपोर्ट सापडला तर तो दहा नव्या तपासण्यांच्या तोडीचा असतो. चौथं, हृदयाची भिंत: इकोत डावा कप्पा जाड असेल तर बीपी गेल्या महिन्यातलं नाही.

बायोप्सीची घाई नको. बीपी १४०/९० च्या आसपास स्थिर होईपर्यंत आणि प्लेटलेट लाखाच्या वर येईपर्यंत सुई घालू नये. ताठ झालेल्या धमन्या टोचल्यावर आवळत नाहीत, रक्त वाहत राहतं.

आणि प्लेटलेट ९५ हजार, हिमोग्लोबिन ९.८ याकडे दुर्लक्ष नको. फाटलेल्या अस्तरावर फायब्रिनचे धागे ताणलेले असतात आणि त्यातून जाताना लाल पेशी कापल्या जातात. रक्ताच्या स्मिअरमध्ये शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी तुकडे दिसतात, एलडीएच वाढतं, हॅप्टोग्लोबिन घटतं (रक्ततपासणीतल्या, लाल पेशी फुटत असल्याच्या खुणा). बीपीमुळे असेल तर प्लेटलेट सहसा फार खाली जात नाहीत आणि दाब आटोक्यात आला की काही दिवसांत वर येऊ लागतात. प्लेटलेट ३० हजारांच्या खाली असतील तर टीटीपीचा (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करून प्लेटलेट संपवणारा वेगळा आजार) विचार तातडीने. अडॅमटीएस१३ (रक्तातलं एक एन्झाइम) साठीचा नमुना प्लाझ्मा देण्याच्या आधी काढून ठेवा. दहा टक्क्यांपेक्षा कमी आलं तर टीटीपी. ते ठीक आहे, बीपी आठवडाभर ताब्यात आहे आणि तरी पेशी कापल्याच जातायत, तर कॉम्प्लिमेंटचा (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांचा) आजार शोधायला हवा. त्याचं औषध वेगळं आहे आणि उशीर महागात पडतो.

खलबत्ता

वरच्या दोघांनी जागा ठेवली नाही, तरी औषधांबद्दल थोडं.

शिरेतून देताना लॅबेटॅलॉल पहिला डोस २० मिग्रॅ, सावकाश दोन मिनिटांत. मग दर दहा मिनिटांनी बीपी बघून २० ते ८०, सगळं मिळून ३०० च्या पुढे नाही. दमा असेल किंवा हृदयाचे ठोके आधीच मंद असतील तर नको. निकार्डिपिन ताशी ५ मिग्रॅने सुरू, दर ५ ते १५ मिनिटांनी अडीचने वाढवत जास्तीत जास्त १५. हाताच्या बारीक शिरेतून चालू असेल तर शीर सुजते, म्हणून दर बारा तासांनी जागा बदला. सोडियम नायट्रोप्रसाइड किडनी बिघडलेल्याला शक्यतो टाळाच. त्यातून सायनाइड सुटतं, यकृत त्याचं थायोसायनेट करतं आणि ते बाहेर काढायचं काम किडनीचं. किडनी मंद असेल तर ते साचतं: गोंधळ, मळमळ, झटके. द्यावंच लागलं तर कमीत कमी डोस, कमीत कमी वेळ, आणि बाटलीसकट नळी उजेडापासून झाकलेली.

निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणं अजूनही अधूनमधून दिसतं. ते बंद करा. बीपी किती आणि कधी उतरेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. गाळणी यांनी सांगितलेली अडकलेली तोटी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अर्ध्या तासात शंभराने कोसळलेलं बीपी किडनीचं, हृदयाचं आणि मेंदूचं काय करेल ते कळेल.

गोळ्यांवर आणताना होणारी चूक वेगळी. अॅम्लोडिपिन आज दिलं की उद्या पूर्ण चढत नाही. ते शरीरातून निम्मं व्हायला तीस ते पन्नास तास लागतात, म्हणून पूर्ण असर यायला आठवडा जातो. होतं असं: पहिल्या दिवशी ५, दुसऱ्या दिवशी बीपी अजून १८० म्हणून १०, तिसऱ्या दिवशी आणखी एक गोळी, चौथ्या दिवशी तिसरी. सहाव्या दिवशी सगळ्या एकदम चढतात, बीपी १०० वर येतं आणि क्रिएटिनीन पुन्हा उडी मारतं. तोवर माणूस घरी गेलेला असतो. म्हणून घरी सोडल्यावर तीन-चार दिवसांतच पहिली तपासणी ठेवा, महिन्याने नाही. (अवांतर: अॅम्लोडिपिनने घोट्याला येणारी सूज किडनीची समजून फ्युरोसेमाइड लावलं जातं. ती सूज त्याने जात नाही, माणूस फक्त कोरडा पडतो.)

रॅमिप्रिल द्यायचं, पण आज नाही. रेनिन टोकाला असताना आणि अंगात पाणी कमी असताना हे औषध बीपी खड्ड्यात घालू शकतं. पाण्याचा हिशेब जुळला, क्रिएटिनीनचा चढ थांबला, डॉप्लरमध्ये दोन्ही मुख्य धमन्या मोकळ्या दिसल्या, की १.२५ मिग्रॅपासून सुरुवात. लवकर सुरू करायची गरज वाटली तर कॅप्टोप्रिल ६.२५ मिग्रॅ. त्याचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून अंदाज घ्यायला सोयीचं. अपवाद एक: त्वचा ताठ करणाऱ्या स्क्लेरोडर्मामधला असाच झटका. तिथे क्रिएटिनीन वाढत असलं तरी कॅप्टोप्रिल सुरू करायचं आणि चालूच ठेवायचं. थांबवलं तर किडनी जाते.

नवशिका

सगळ्यांचे आभार. २.८ चं ३.६ म्हणजे २९ टक्के होतात, तीसच्या आत. मग ३.७ झालं असतं तर औषध थांबवायचं का?

गाळणी

नाही, आणि हाच घोळ बऱ्याच ठिकाणी होतो. तीस टक्क्यांचा नियम स्थिर रुग्णाला रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या वर्गातलं औषध नव्याने लावताना किंवा डोस वाढवताना आहे. आधारासाठी सुरू करण्यापूर्वीचं स्थिर क्रिएटिनीन, आणि पुन्हा तपासायचं एक ते दोन आठवड्यांनी, पोटॅशियमसकट. तीसच्या आत वाढून थांबलं तर चालू द्या. त्याहून जास्त वाढलं तर पाणी कमी झालंय का, वेदनाशामक चालू आहे का, धमनी अरुंद आहे का हे बघा. पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं तर आधी ते उतरवायचे उपाय करा, डोस कमी करणं त्यानंतर. तुमच्या केसमध्ये हे औषध अजून सुरूच नाही, आणि २.८ हा स्थिर आकडा नव्हताच. तो घसरणीच्या मधला एक क्षण होता. म्हणून इथे टक्केवारी लावून काही हाती लागत नाही. लघवी, वजन, माणसाची अवस्था आणि रोजच्या चढाचा वेग बघा. ०.४, मग ०.३, मग ०.१ असा चढ मंदावत असेल तर वाट पाहा.

खलबत्ता

घरी गेल्यावर सांगायच्या गोष्टी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीचं वेदनाशामक नको. रॅमिप्रिल, पाणी काढणारी गोळी आणि वेदनाशामक हे तिघं एकत्र आले की किडनी दोन दिवसांत बसते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. जुलाब-उलट्या लागल्या आणि पाणी पोटात राहत नसेल तर रॅमिप्रिल आणि पाणी काढणारी गोळी तेवढ्यापुरती थांबवून डॉक्टरांना कळवायचं. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. «लो सोडियम» मीठ नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं. क्लोनिडीन (बीपीचंच एक औषध) चालू असेल तर ते मनाने कधीही एकदम बंद करायचं नाही. दुसऱ्या दिवशी बीपी पहिल्यापेक्षा वर जाऊ शकतं.

मोजणीबद्दल: कफ छोटा असला की बीपी खोटं वाढलेलं दिसतं आणि त्यावर गोळी वाढवली जाते. दंडाचा घेर टेपने मोजा. मध्यम कफ साधारण २२ ते ३२ सेंमीच्या दंडाला, त्यापुढे मोठा. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या उंचीवर, बोलायचं नाही. सकाळी गोळीआधी दोनदा, रात्री दोनदा, मधे एक मिनिट. सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी घ्या. पुढे १३०/८० च्या खाली राहायला हवं. काही तज्ज्ञ वरचं १२० च्या खाली सांगतात, पण तो आकडा नीट शांत बसवून मोजलेल्या बीपीचा आहे, घाईत मोजलेल्याचा नाही.

दुवा

उशिरा वाचतेय. डायलिसिस लागलंच तर ते कायमचं असं कधी धरायचं? फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) लगेच करावा का?

गाळणी

दुवा, तीन महिन्यांच्या आत «कायमचं» हा शब्द वापरू नये, आणि किडन्यांचा आकार चांगला असेल तर वर्षभर आशा ठेवावी. बीपीमुळे डायलिसिसवर गेलेले काही रुग्ण काही महिन्यांनी बाहेर येतात, इतर कारणांच्या तुलनेत हे इथे जास्त दिसतं. पण ते शोधलं तरच सापडतं. दर आठवड्याला डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनीन लिहून ठेवा. ते आपोआप खाली सरकत असेल, किंवा लघवी वाढत असेल, तर दोन डायलिसिसमधली लघवी साठवून त्यातली युरिया आणि क्रिएटिनीन मोजा. डायलिसिसवर जास्त पाणी ओढून बीपी पाडू नका. सुधारत असलेल्या किडनीला दर खेपेला नवा धक्का बसतो. फिस्टुलासाठी घाई नाही, पण ज्या हातात तो करावा लागेल, सहसा कमी वापरातला, त्या हाताच्या शिरा सुया टोचून खराब करू नका. सलाईन, रक्ताचे नमुने, सगळं दुसऱ्या हाताच्या पंजावरून.